गाडी पाणी खाते, पण खाली थेंब नाही : जुन्या गाडीतली कूलंटची गळती कशी शोधायची आणि कशी थांबवायची

रविवारी सकाळी इंजिन गार असताना रिझर्व्ह बाटलीवर मार्करने रेघ मारली. पुढच्या रविवारी कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, त्या रेघेच्या दोन बोटं खाली. पार्किंगच्या फरशीवर डाग नाही, गाडीखाली सरकवलेला पुठ्ठा कोरडा. मिस्त्रींचं पालुपद ठरलेलं : "साहेब, जुनी गाडी आहे, थोडं पाणी खाणारच." चार महिन्यांत रेडिएटरचं झाकण, वरचा होज पाइप आणि वॉटर पंप अशा तीन गोष्टी बदलून झाल्या होत्या. तिन्ही नव्या, तिन्ही चांगल्या प्रतीच्या. गळती होती तिथेच होती.

गाडी २००७ ची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. मॉडेल कुठलं याला महत्त्व नाही, कारण पुढे सांगतो ती पद्धत रेडिएटर असलेल्या कुठल्याही जुन्या गाडीला लागू पडते. माझं चुकलं ते एवढंच, की जे ओलं दिसलं ते मी बदलत गेलो. फ्लॅटच्या छताला ज्या कोपऱ्यात ओल येते, त्याच्या बरोब्बर वर पाइप फुटलेला असतोच असं नाही. इंजिनातही तसंच. पाणी फुटतं एकीकडे, ब्लॉकवरून, वायरिंगवरून, ब्रॅकेटवरून ओघळतं आणि टपकतं तिसरीकडे. आधी शोधायचं, मग पाना हातात घ्यायचा. या कामातला तीन चतुर्थांश वेळ शोधण्यातच जातो आणि तो जाऊ द्यावा.

दाबाचा हिशेब

रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. आतला दाब वातावरणापेक्षा तेवढे बार (दाबाचं माप) वाढेपर्यंत झाकणातली स्प्रिंग तो धरून ठेवते. दाब वाढला की उत्कलनबिंदू वर सरकतो. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ अंशांनाच. पण ०.९ च्या झाकणाखाली ते ११८ च्या आसपास जातं आणि निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं मिश्रण असेल तर १२५ च्याही पुढे. आपल्याकडे कूलंट गोठण्याची भीती नाही. ते घालायचं ते उकळू नये आणि आतून गंज चढू नये म्हणून.

यातून दोन गोष्टी निघतात. बारीक भोक गार इंजिनावर कोरडं असतं आणि दाब चढला की फवारा मारतं. आणि ती जागा गरम धातूच्या जवळ असेल, तर थेंब जमिनीपर्यंत पोचण्याआधीच वाफ होऊन जातो. "खाली थेंब नाही, म्हणजे गळती नाही" हे म्हणूनच खरं नाही.

झाकणात आणखी एक छोटी झडप असते, उलट्या दिशेची. गाडी तापली की जास्तीचं कूलंट नळीतून रिझर्व्ह बाटलीत जातं. गाडी गार झाली की आत पोकळी तयार होते, ही झडप उघडते आणि तेच कूलंट परत ओढून घेतलं जातं. झडप अडकली, झाकणाचं रबर कडक झालं किंवा बाटलीकडे जाणारी वीतभर नळी चिरली, तर बाटली भरलेली राहते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. बाटली बघून निर्धास्त राहिलेल्या माणसाची गाडी घाटात तापते ती अशी. महिन्यातून एकदा तरी, गार इंजिनावर, झाकण उघडून रेडिएटरच्या तोंडाशी कूलंट दिसतंय का ते बघा. सकाळी वरचा होज आत ओढल्यासारखा चपटा झालेला दिसला, तर ती झडप अडकली आहे असं समजा.

काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, दाबाचं झाकण थेट बाटलीवर असतं. तिथे बाटलीसुद्धा दाबाखाली असते आणि म्हातारपणी तिच्याच सांध्याला केसासारखी चीर जाते.

आधी मोजा

वहीच्या एका पानावर तीन रकाने आखा : तारीख, किलोमीटर, किती मिली घातलं. घालताना औषधाच्या दुकानातली ५० मिलीची सिरिंज वापरा. "थोडंसं घातलं" हे माप नव्हे. पातळी रोज एकाच वेळी बघायची, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सपाट जागी.

सहा महिन्यांत बोटभर कमी झालं तर दुर्लक्ष करा, उघड्या बाटलीतून तेवढं उडून जातं. आठवड्याला शंभर-दोनशे मिली जात असेल तर कुठेतरी फुटलं आहे. कसं जातंय यावरही लक्ष ठेवा. गाडी नुसती उभी असताना जातं, की चालवल्यावर? शहरात जातं, की हायवेवर? माझ्या वहीत शहरातल्या आठवड्याला दीडशे मिली होते आणि पुणे-सातारा एका फेरीला अडीचशे. म्हणजे इंजिनावर ताण आणि दाब आला की जास्त. खंबाटकी चढून वर आलो की थांबल्या थांबल्या बॉनेटजवळ गोडसर वास यायचा, गूळ लागल्यासारखा. तो वास म्हणजे गरम पत्र्यावर पडलेलं कूलंट. तेव्हा मला ते कळलं नाही.

उलटंही घडतं. काही गाड्या फक्त थंडीत, पहाटे ठिबकतात आणि तापल्या की बंद होतात. अशा वेळी बहुतेक होजची क्लिप सैल असते. गारठ्यात रबर आणि धातू आकसतात आणि फट पडते.

तो थेंब कशाचा?

उन्हाळ्यात एसी लावून आलात की डाव्या पुढच्या चाकाच्या आसपास पाणी टपकतं. ते बाष्पाचं पाणी, त्याची काळजी नको. पांढऱ्या टिश्यूवर थेंब टिपा. एसीचं पाणी रंगहीन असतं, वाळलं की काही उरत नाही. कूलंट हिरवं, लाल, निळं किंवा गुलाबी असतं, बोटांना किंचित बुळबुळीत लागतं आणि वाळल्यावर खपली धरतं. चाखून मात्र बघू नका. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं. सोसायटीतली कुत्री-मांजरं त्या गोडीनेच ते चाटतात आणि मरतात, तेव्हा सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुऊन पुसून घ्या. जुनं कूलंट गटारात ओतू नका, बंद कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

पावसाळ्यात हे सगळं अवघड होतं, कारण खालून सगळंच ओलं असतं. शक्य असेल तर शोधमोहीम पावसाआधी उरकून घ्या.

डोळ्यांनी शोध

लागणाऱ्या वस्तू : चांगली टॉर्च, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा दांडीचा छोटा आरसा, फोनचा कॅमेरा आणि जुनी बनियन. इंजिन गार हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, कारण रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत चावी बंद असतानाही आपणहून सुरू होतो आणि त्याला बोटं दिसत नाहीत. गाडीखाली जायचं असेल तर गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर टेकवून, नुसत्या जॅकवर कधीच नाही.

ओलावा शोधू नका, खुणा शोधा. वाळलेलं कूलंट पांढरट किंवा हिरवट खपली सोडतं, दिवाळीनंतर अंगणात उरलेल्या रांगोळीसारखी. ती दिसली की तिचा माग वरच्या दिशेने काढा. सगळ्यात वरची खूण जिथे संपते, ती गळतीची जागा. काहीच कळेना झालं तर तो भाग धुऊन पुसून कोरडा करा, दोन दिवस गाडी चालवा आणि पुन्हा बघा. तेलाने माखलेल्या इंजिनावर कुणालाच काही सापडत नाही.

होज पाइप हाताने दाबून बघा. मऊ-फुगीर झालाय, की बिस्किटासारखा कडक? टोकाशी, क्लिपच्या अगदी पुढे, चिरा आहेत का? होज काढलात तर खालच्या ॲल्युमिनियमच्या नळकांड्यावर बोट फिरवा. तिथे गंजाने खड्डे पडले असतील तर नवा होज आणि नवी क्लिपही पाणी धरणार नाही, आणि लोक मात्र होजच बदलत बसतात.

रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही टोकांच्या टाक्या काळ्या प्लॅस्टिकच्या असतात. त्या मधल्या रबरावर दाबून, पत्र्याचे दात मुडपून बसवलेल्या असतात. पंधरा वर्षांत प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि रबर मरतं. त्या शिवणीवर हिरवी रेघ दिसली की रेडिएटरचे दिवस भरले.

वॉटर पंपाला, ज्याला ट्रकवाले वॉटर बॉडी म्हणतात, खालच्या अंगाला एक मुद्दाम ठेवलेलं भोक असतं. आतलं सील गळू लागलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं, यासाठी ते असतं. भोकाभोवती वाळका डाग चालतो, ओघळ चालत नाही. पुली दोन्ही हातांनी धरून हलवा. खुळखुळ जाणवली तर पंप गेला. ते भोक कुणी एम-सीलने बुजवलेलं असेल तर त्या मिस्त्रींकडे परत जाऊ नका.

थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणाऱ्या झडपेच्या) घराचं गॅस्केट आणि रेडिएटरच्या तळाचा ड्रेन प्लग झटक्यात बघून होतात. इंजिन ब्लॉकच्या कडेला पत्र्याच्या गोल वाट्या ठोकलेल्या असतात, ते कोअर प्लग. आयुष्यभर नळाच्या पाण्यावर चाललेल्या गाडीत ते आतून कुरतडले जातात.

गाडीच्या आतही बघा. डॅशबोर्डच्या पोटात हीटरचा छोटा रेडिएटर असतो. तो फुटला की डाव्या सीटसमोरचं कार्पेट ओलं होतं आणि ब्लोअर लावल्यावर काचेवर आतून चिकट धुकं धरतं. एसीची निचऱ्याची नळी तुंबली तरी तेच कार्पेट भिजतं, म्हणून इथेही टिश्यूची परीक्षा घ्या.

दाब देऊन बघा

डोळ्यांना सापडलं नाही, तर खरं हत्यार म्हणजे प्रेशर टेस्टर. सायकलच्या पंपासारखा हातपंप, त्याला घड्याळ, आणि झाकणाच्या जागी बसणारी वेगवेगळी तोंडं. एकदाच लागणार असेल तर विकत घेऊ नका. बऱ्या गॅरेजमध्ये तो असतो, अर्ध्या तासाचे पैसे द्या आणि शेजारी उभे राहा.

गार इंजिनावर रेडिएटर काठोकाठ भरा, टेस्टर बसवा आणि झाकणावरच्या आकड्याइतकाच दाब द्या. ०.९ बार म्हणजे साधारण १३ पीएसआय, १.१ म्हणजे १६. त्याच्या वर जाऊ नका, नाहीतर चांगला होजसुद्धा फाडाल. मग वीस मिनिटं हात खिशात घालून उभे राहा. काटा हलला नाही तर गार अवस्थेतली गळती नाही. काटा उतरला तर आरसा आणि टॉर्च घेऊन प्रत्येक सांध्यावर जा. त्याच टेस्टरवर झाकणही तपासून घ्या. ते आपल्या आकड्याआधीच दाब सोडत असेल तर बदला. सगळ्या सिस्टिममधला सगळ्यात स्वस्त भाग तोच आहे.

माझ्या गाडीत काटा दहा मिनिटांत १३ वरून ११ वर आला आणि बाहेर काहीच दिसेना. मिस्त्री म्हणाले, "हेड गॅस्केट आहे, हेड उघडावं लागेल." हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील. मी पाच मिनिटं मागितली. इंजिनाच्या मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) बाजूला, एक लोखंडी पाइप ब्लॉकला चिकटून आडवा जातो. खालच्या होजचं पाणी तो वॉटर पंपाकडे नेतो. वरून तो दिसतच नाही. फोनचा व्हिडिओ चालू करून हात आत घातला आणि नंतर पडद्यावर बघितलं. पाइपच्या पोटाला, ब्रॅकेटच्या वेल्डिंगलगत, गंजाचा फोड आणि त्याच्या टोकावर मोहरीएवढा थेंब. तो हळूहळू फुगला, ज्वारीच्या दाण्याएवढा झाला, घरंगळला आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरच्या, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या तापट नळावरच्या, पत्र्यावर पडला. पत्र्यावर तीच रांगोळी होती, थरावर थर. चार महिने तिथेच पडत होता आणि गाडी गरम असताना तिथल्या तिथे उडून जात होता. घाटमाथ्यावरचा गुळाचा वास तोच.

गार अवस्थेत काटा हलला नाही तरी पाणी जातच असेल, तर गाडी तापवून, पूर्ण गार होऊ न देता, कोमट असताना परीक्षा पुन्हा घ्या. मात्र कोमट म्हणजे वरचा होज हाताने आरामात धरता येतो इतपत. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की आतलं मिश्रण एका क्षणात उकळून तोंडावर येतं. कितीही घाई असली तरी ते उघडू नका. यानेही जमलं नाही तर कूलंटमध्ये टाकायचा चमकणारा रंग मिळतो. तो घालून आठवडाभर गाडी चालवा आणि रात्री अतिनील टॉर्चने बघा. गळती पोपटी उजळते. उपाय चांगला आहे, पण मी तो टेस्टरच्या नंतर ठेवतो, कारण घालताना हात थरथरला की सगळं इंजिनच पोपटी दिसतं.

बाहेर काहीच नाही तेव्हा

आता हेड गॅस्केटचा संशय रास्त. पण हेड उघडायला होकार देण्याआधी पुरावा मागा.

गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा टणक झाला, तर पाणी तापण्याआधीच दाब आला आहे, म्हणजे सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. झाकण काढून सुरू केलं आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबतच नाहीत, तर हीच शंका बळावते. स्पार्क प्लग काढा. एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा लख्ख असेल तर पाणी त्याच सिलिंडरमध्ये जातंय. पक्का निकाल निळ्या द्रवाच्या परीक्षेने मिळतो : रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढायची, जळालेला वायू असेल तर पेट्रोल गाडीत निळं पिवळं होतं. ओढताना कूलंट द्रवात जाऊ देऊ नका, निकाल फसवा येतो.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की लोक हबकतात. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल तर ती साय नुसत्या दमटपणाने धरते. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून बघा. तिथेही चहासारखं तेल आलं, तर मात्र गाडी सुरूच करू नका, टो करून न्या. सायलेन्सरच्या पांढऱ्या धुराचंही तसंच. डिसेंबरात सकाळी तो सगळ्यांचाच निघतो. इंजिन तापल्यावरही निघत राहिला आणि गोड वास आला, तर दखल घ्या.

हेडचं काम घरी करायचं नाही. फक्त दोन गोष्टींचा आग्रह धरा : हेड लेथवाल्याकडून सपाटपणा तपासून मगच बसवायचं आणि बोल्ट टॉर्क पान्याने, ठरलेल्या क्रमानेच आवळायचे.

दुरुस्ती

आधी काय करू नये ते सांगतो. ट्रकवाल्यांचा जुना तोडगा म्हणजे रेडिएटरमध्ये हळद. बाजारात मिळणारी गळती-बंद पावडर आणि बाटल्या याच जातीच्या. बारीक भोक बुजतं हे खरं, पण त्याबरोबर हीटरच्या आणि रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्याही बुजतात. रस्त्यात अडकलात आणि घर गाठायचंय, तर एकदा चालेल. घरी आल्यावर सगळं धुऊन काढा.

दुसरा उद्योग म्हणजे "गाडी तापते ना, थर्मोस्टॅटच काढून टाकू." थर्मोस्टॅट नसलं की इंजिन हव्या त्या तापमानाला यायला वेळ लावतं, पेट्रोल जास्त पितं आणि लवकर झिजतं. संशय असेल तर ते तपासा. पातेल्यात पाणी, त्यात थर्मामीटर, आणि थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवलेलं. त्यावर ८२ किंवा ८८ असा जो आकडा असेल त्याच्या आसपास ते उघडायला लागलं पाहिजे. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

होज बदलताना जुना ओढू नका, पिळून सैल करा. निघेना तर ब्लेडने लांबीत चिरा, पण खालच्या धातूला चरा पडू देऊ नका. नळकांडं बारीक पॉलिश पेपरने साफ करा. नवा होज चढवताना आतून थोडं कूलंट किंवा साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको, त्याने हे रबर फुगतं. नळकांड्याला काठाशी उंचवटा असतो, क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, त्यावर नव्हे. पेचाची क्लिप आवळताना रबर क्लिपच्या फटींतून वर येऊ लागलं तर जास्त आवळलंय. गाडी एकदा तापून गार झाली की पुन्हा एकदा हलकेच आवळा.

लोखंडी पाइपला वेल्डिंग करून मिळतं. मीही विचारलं. वेल्डरने पाइप बोटाने ठोकून दाखवला : बाकीचा भागही पापडासारखा झाला होता. नवा पाइप नाना पेठेत दोन दुकानं फिरल्यावर मिळाला. त्याच्या टोकाचं ओ-रिंग (रबरी कडं) नवंच घ्यायचं, त्याला कूलंटचं बोट लावून सरळ ढकलायचं. ओ-रिंगवर सिलिकॉन गॅस्केटची पेस्ट लावू नका. ती आत सुटते आणि थर्मोस्टॅटमध्ये जाऊन अडकते.

वॉटर पंप काही गाड्यांत बाहेरच्या बेल्टवर फिरतो, काहींत टायमिंग बेल्टवर. टायमिंग बेल्टवर असेल तर बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकदमच बदला. मजुरी एकच लागते आणि जुना बेल्ट पुन्हा बसवून तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात.

प्लॅस्टिक टाकीचा रेडिएटर फुटला तर नवाच घ्या. पूर्वीच्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला डाग देता यायचा, याला येत नाही. शिवणीवर एम-सील लावून गाव गाठता येईल, पावसाळा काढता येणार नाही.

हीटरचा रेडिएटर फुटला असेल तर डॅशबोर्ड सोडवायचं मोठं काम निघतं. तोपर्यंत इंजिनाकडून येणारे त्याचे दोन होज एका जोडनळीने एकमेकांना जोडून तो बाजूला काढता येतो. कोकणात आणि देशावर हीटरवाचून कुणाचं अडत नाही.

धुणं, भरणं, हवा काढणं

माझा पाइप आतून का सडला ते रेडिएटर रिकामा करताना कळलं. चहाच्या गाळासारखं तपकिरी पाणी निघालं. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं होतं. त्यातले क्षार पुटं धरतात आणि गंजरोधक नसल्यामुळे ते पाणी लोखंड खात जातं. बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी वापरा, पाच लिटरचा कॅन महाग नसतो.

ड्रेन प्लगमधून सगळं काढा. डिस्टिल्ड पाणी भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालवा, गार होऊ द्या, काढून टाका. निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच करा. मला चार वेळा करावं लागलं.

आता एक बारीक हिशेब, जो बरेच जण चुकवतात. ब्लॉकच्या पोटात एक-दीड लिटर पाणी राहूनच जातं. त्यावर तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं. म्हणून तयार मिश्रण न घेता घट्ट कूलंट घ्या. मॅन्युअलमध्ये एकूण क्षमता बघा, समजा चार लिटर. त्याच्या निम्मं, म्हणजे दोन लिटर घट्ट कूलंट आधी घाला आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. रंगावर जाऊ नका. वेगवेगळ्या कंपन्यांचं हिरवं एकाच रसायनाचं असेल असं नाही, दोन जाती मिसळल्या तर आत चिखल होऊ शकतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेली जात घ्या आणि कॅन जपून ठेवा, पुढे टॉप-अप त्याच्यानेच.

भरताना गाडीचं नाक उंच ठेवा, सोसायटीचा उतार पुरतो. हीटर पूर्ण गरमवर. बारीक धारेने ओता, वरचा होज दाबत राहा, बुडबुडे येतील. काही गाड्यांत हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, तो उघडा ठेवून तिथून सलग धार येईपर्यंत भरा. झाकण उघडं ठेवूनच इंजिन आयडलवर सुरू करा. पातळी खाली जाईल, भरत राहा. थर्मोस्टॅट उघडलं की एकदम घुटका घेतल्यासारखी खाली जाते. तेवढं भरून झाकण लावा, रेडिएटरचा पंखा दोनदा चालू-बंद होऊ द्या. बाटली लो आणि फुल या खुणांच्या मध्ये भरा. डॅशबोर्डमधून खळखळ ऐकू आली किंवा हीटरची हवा मधेच गार झाली, तर आत अजून हवा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडून पुन्हा भरा.

वाटेत तापलीच तर

एसी बंद, हीटर पूर्ण, ब्लोअर जोरात. गाडी कडेला घ्या. काटा लालमध्ये असेल किंवा बॉनेटखालून वाफ येत असेल तर इंजिन लगेच बंद. पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातूला तडे जातात. होज गार झाल्याची खात्री झाली की जाड फडक्याने झाकण पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवा, फुस्स होऊ द्या, मग काढा. त्या वेळी साधं पिण्याचं पाणी घातलं तरी चालेल, घरी आल्यावर बदलायचंच आहे.

पहिली गळती बंद झाल्यावर

पाइप बदलला, टेस्टरवर काटा वीस मिनिटं ठाम राहिला, मी वही मिटली. पंधराव्या दिवशी बाटली पुन्हा खाली. या वेळी दोन मिनिटांत सापडलं : रेडिएटरच्या डाव्या टाकीच्या शिवणीवर ताजी हिरवी रेघ. चार महिने भोकातून दाब निसटत होता, म्हणून ती म्हातारी शिवण टिकली होती. पूर्ण दाब आल्यावर तिचा निभाव लागला नाही. जुन्या गाडीत हे सर्रास होतं, त्यामुळे एक जागा दुरुस्त केल्यावर महिनाभर वही चालू ठेवा आणि खर्चाचा अंदाज करताना दुसरी जागाही धरून चाला. होजला दहा वर्षं होऊन गेली असतील तर रेडिएटर उतरवलेलाच आहे तेव्हा वरचा-खालचा दोन्ही बदलून टाका.

पहिला आठवडा रोज सकाळी पातळी, मग दर रविवारी. महिन्याच्या शेवटी एकदा गाडी भरून घाट चढवा आणि माथ्यावर थांबून बॉनेटजवळ वास घ्या. मी रेडिएटर बदलल्यावर दोन वेळा खंबाटकी चढलो. दुसऱ्या वेळी वर नुसता कणीस भाजल्याचा वास होता. मार्करची रेघ बाटलीवर अजून आहे आणि कूलंट तिच्या बरोबरीला आहे.